दाराबाहेरून ऐकलेलं स्थळ

तुमचा धंदा काय, असं कुणी सरळ विचारलं की माझी पंचाईत होते. नारायणगावच्या बाजारात निम्मे लोक मला रेडिओवाला म्हणतात, निम्मे टीव्हीवाला. गावातली जुनी माणसं नुसतं 'नाटक्या' म्हणतात आणि त्यात त्यांचा सगळा अभिप्राय येऊन जातो. तिघांचंही बरोबर आहे. मी रंगमंचावर उभा राहिलोय, टीव्हीवर लोकांच्या शिव्या खाल्ल्यात, आणि कापडापासून कीटकनाशकापर्यंत पुष्कळ गोष्टींना माझा आवाज उसना दिलाय. यातल्या एकाही कामाचं शिक्षण मी घेतलेलं नाही, हे ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं असं आमच्या मामांचं मत होतं.

सुरुवात नाटकानं झाली. आमचं गाव येडगावच्या धरणापासून हाकेच्या अंतरावर. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात गावकऱ्यांचं नाटक व्हायचं. बायकांच्या कामासाठी पुण्याहून नट्या ठरवलेल्या असायच्या. त्या तालमीला कधी यायच्या नाहीत, थेट प्रयोगाच्या दिवशी एसटीनं उतरायच्या, तोंडाला रंग लावायच्या आणि उभ्या राहायच्या. पण तालमीत हिरोला समोर कुणीतरी लागायचंच. मी तेव्हा कॉलेजात होतो, आवाज बारीक काढता यायचा, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. महिनाभर मी नायिका होऊन हुंदके द्यायचो आणि प्रयोगाच्या दिवशी मला पडदा ओढायला बसवायचे. पुढच्या वर्षी मी हट्टानं शिपायाचं काम मागून घेतलं. दोन वाक्यं होती. ती मी इतकी लांबवली की हिरो विंगेतून दात-ओठ खात होता.

आवाजाचं पहिलं काम नारायणगावच्या एका कापडवाल्या शेठजींनी दिलं. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजींचं मराठी माझ्यापेक्षा गावरान. लग्नसराईत जीपवर भोंगा बांधून गावोगाव दुकानाची जाहिरात करायची होती. मी शेतकी मेळाव्यात ऐकलेल्या ढंगात दणदणीत सुरुवात केली. शेठजींनी हात वर केला आणि म्हणाले, "भाऊ, तुमी तर कर्जवसुलीला आल्यासारखं बोलताय. लग्नाचा बस्ता हाय. आवाजाला जरा हळद लागू द्या." आवाजाबद्दल मला आजवर जे काही कळलंय, त्यातलं निम्मं तरी त्या एका वाक्यात आहे. मी हळद लावली. त्या उन्हाळ्यात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातली एकही वाडी माझ्या तडाख्यातून सुटली नसेल.

मग पुणे. एका नाट्यसंस्थेत संध्याकाळी तालमी, दिवसा मिळेल ते काम, शनिवारी शेवटच्या एसटीनं गाव. तिथल्याच एका ओळखीनं रेडिओवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात शिरकाव झाला. त्यात एक छोटी श्रुतिका असायची आणि मी त्यात एक बडबड्या गडी होतो, जो मालकाला खत-फवारणीचं शहाणपण शिकवायचा. शहाणपण अर्थातच कृषिखात्यातल्या कुणीतरी लिहून दिलेलं असायचं. पण आमच्याकडं लोकांना हे पटायचं नाही. एकदा एसटी स्टँडवर एका माणसानं पिशवीतून टोमॅटोची करपलेली पानं काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "राव, रेडिओवर सांगता तसं नका सांगू. खरं काय ते सांगा." मला पानं बघून एवढंच कळलं की ती टोमॅटोची आहेत. आमचं रान चुलतभाऊ अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, करत होता. मी त्या माणसाला भावाकडं पाठवून दिलं.

आणि शेवटी टीव्ही. नव्वदीच्या शेवटाला मराठी मालिकांचं पीक आलं तेव्हा मलाही एका मालिकेत घेतलं. काम होतं गावगुंडाचं. दारू पिणारा, भावाला फसवणारा, आणि म्हाताऱ्या आईकडून जमिनीच्या कागदावर अंगठा घेणारा मुलगा. चेहरा माझा मुळात मवाळ, पण भुवया जाड. दिग्दर्शक म्हणाला, भुवयांवर भागेल. भागलं. पहिले दोन भाग लागले आणि नारायणगावातली भाजीवाली मला कोथिंबीर देईना.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीत खरं काम तिचं आहे. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. घरात आम्ही दोघंच. मला पाठांतर एकट्यानं होत नाही; समोरून उत्तर आलं तर पुढचं वाक्य आठवतं, नाहीतर भिंत आडवी येते. त्यामुळं गावी असलो की आईला समोर बसवायचं. ती चौथी शिकलेली. कागद हातात धरून वाचायचा तिला कंटाळा, म्हणून मी तिची वाक्यं एकदा वाचून दाखवायचो आणि मग ती तांदूळ निवडत निवडत, सुपातली नजर वर न करता, बरोब्बर जागेवर उत्तर द्यायची. मात्र लिहिलेलं कधी म्हणायची नाही. "असं कोन म्हनतं व्हय?" असं म्हणून आपल्या मनाचं म्हणायची. लेखकानं 'तू माझ्या कुशीत जन्मलास ही माझी चूक' असं लिहिलं असेल तर ती ते वाक्य बाजूला सारून काहीतरी साधं बोलायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा. बरं, ती रडायचीही. खोटं रडणं तिला जमत नव्हतं, म्हणून खरंच रडायची आणि प्रवेश संपला की पदरानं तोंड पुसून विचारायची, "झालं का? चहा ठेवू?"

या सगळ्या वैभवात एक गोष्ट अडली होती, ती म्हणजे माझं लग्न. तिशी ओलांडलेली. रान चार एकर, पण ते चुलतभावाच्या हातात. पगार नाही. नाटक्याला मुलगी कोण देणार? मामा स्थळं आणत होते आणि स्थळं परत जात होती. आमच्याकडं मुलगी देण्याआधी चौकशी काढतात. चहाच्या टपरीवर, गिरणीवर, दाढीच्या दुकानात. माझ्याबद्दल टपरीवर लोक हसायचे, गिरणीवर बायका मालिकेतली माझी कृत्यं सांगायच्या, आणि दाढीच्या दुकानात मी चार-चार महिने फिरकत नव्हतो. मला वरवर काही वाटत नाही असं मी दाखवायचो. खरं म्हणजे वाटायचं. पुण्यातल्या खोलीवर एकट्यानं जेवताना तर फारच वाटायचं. आईला उघडच वाटायचं. सहा दिवस ती त्या घरात एकटी असायची आणि सातव्या दिवशी मी येऊन तिला जमिनीच्या कागदावर अंगठा मागायचो.

मामांनी बेल्ह्याकडचं स्थळ आणलं तेव्हा मी आधीच नाही म्हणालो. मुलीचे वडील बेल्ह्याच्या बाजारातले जुने बैलव्यापारी, घर खातंपितं, मुलगी शिकलेली. ते माझ्यासारख्याला कशाला उभं करतील? मामा म्हणाले, "राव, तू नुसता चल. तोंड उघडू नको म्हंजी झालं." गेलो.

पोहे आले, मुलगी आली, नाव-गाव-शिक्षण झालं. मुलीची चुलती दाराशी उभी होती, ती शेजारच्या बाईच्या कानात माझ्या कानापर्यंत पोचेल इतक्या हळू म्हणाली, "टीव्हीत ह्यो माणूस नीट न्हाई." मुलीच्या वडिलांनी मान न वळवता उत्तर दिलं, "त्ये त्याचं काम हाय. काम येगळं, माणूस येगळा." इतकं समंजस बोलणं मी त्या वर्षात ऐकलं नव्हतं. मग ते म्हणाले, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. बहुतेक मुली मान हलवतात. ही म्हणाली, "मागच्या मंगळवारी तुमचा घसा बसला होता का?"

मी पोह्याचा चमचा खाली ठेवला. रेडिओवर मंगळवारी लागलेला भाग त्याआधीच रेकॉर्ड झाला होता आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी मला खरंच सर्दी होती. रेडिओवरच्या माणसांना ते कळलं नव्हतं. माझ्या आईला कळलं नव्हतं. "हो, सर्दी होती," मी म्हणालो. "मला वाटलंच," ती म्हणाली. "धारा काढताना रेडिओ लावते मी. तुम्ही हसला नाहीत त्या दिवशी. रोज एकदा तरी हसता." एवढंच बोलून ती आत गेली. त्या घटकेला माझं लग्न ठरलं, निदान माझ्यापुरतं तरी. मामांनी घरी येईपर्यंत मला तीनदा विचारलं की मी वेड्यासारखा का बघतोय.

वडिलांनी "कळवतो" म्हणून सांगितलं. ते लगेच कळवणारे नव्हते. बैलाच्या व्यापारात त्यांचा एक नेम होता: बाजारातला बैल बाजारात पसंत करायचा नाही. बाजारात शिंगं रंगवलेली असतात, अंगाला तेल चोळलेलं असतं, मालक लाडानं पाठ थोपटत असतो. बैल आवडला तर त्याच्या गावी जायचं, न सांगता, वैरणीच्या वेळेला, आणि तो गोठ्यात कसा उभा आहे, मालकाला बघून कान कसे करतो ते बघायचं. जावई बघायचा तर वेगळा नियम कशाला लावायचा? तेव्हा एका संध्याकाळी, कुणाला न सांगता, ते मोटारसायकलवरून आमच्या गावात आले, गाडी देवळापाशी लावली आणि चालत आमच्या दारापर्यंत पोचले.

हे आम्हाला तेव्हा कळलं नाही, पण पुढं सगळं कळलं, म्हणून इथंच सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी मला शूटिंगला मुंबईला जायचं होतं. दार वाऱ्यानं लोटलेलं होतं आणि आत माझी आणि आईची तालीम चालली होती. अंगठ्याचा प्रवेश. ओट्यावर पाय ठेवताना मुलीच्या वडिलांनी पहिलं वाक्य ऐकलं ते हे:

"म्हातारे, पेटीची किल्ली टाक."

"न्हाई टाकायची."

"बापाच्या मागं हे रान तूच घालवणार. अंगठा दे, नाहीतर आज तुला घराबाहेर काढतो."

"काढ," आई म्हणाली. "पाळण्यात घालायला ज्या दारातनं तुला आत आनला, त्याच दारातनं मला भाईर काढ."

हे दाराचं वाक्य लेखकाचं नव्हतं. आणि ते म्हणून ती रडायला लागली, नेहमीसारखी, खरीखुरी. मला तर त्या दिवशी चेवच आला. मी तांब्या उचलून जमिनीवर आपटला. तो गडगडत दारापर्यंत गेला. बाहेर उभ्या माणसाला विधवा आईचं रडणं ऐकू आलं, भांड्याचा आवाज ऐकू आला, आणि रेडिओवर रोज हसणारा तोच आवाज धमकी देताना ऐकू आला. त्यांनी पाऊल मागं घेतलं आणि ते गेले. शेजारीण थोड्या वेळानं म्हणाली, कुणी टोपीवाले पावणं दारापर्यंत येऊन माघारी गेले. आईनं चहाचं आधण ठेवून वाट पाहिली. कुणी आलं नाही.

त्यांनी घरी जाऊन एवढंच सांगितलं, "ते स्थळ नको." का, ते सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, मामांना तर नाहीच. दुसऱ्याच्या घरातलं भांडण वाटेवर मांडू नये, अशी त्यांची रीत. त्यांच्या त्या भलेपणानं आमचं मरण ओढवलं, कारण जे कुणी बोललंच नाही ते खोडून कोण काढणार?

मामा निरोप घेऊन आले. आई पायरीवर बसून राहिली. मग आम्ही तिघांनी तीन कारणं शोधली. आईला वाटलं घर जुनाट दिसलं असेल. तिनं चुना आणून भिंती रंगवून घेतल्या. मामांना वाटलं रानाचं खटकलं. त्यांनी चुलतभावाशी बोलणी सुरू केली. मला वाटलं मालिका नडली. मी पुढच्या शूटिंगला दिग्दर्शकाला विनवलं की या गुंडाला एक तरी बरा प्रवेश द्या, एखाद्या वासराला पाणी पाजू द्या. तो इतका हसला की चहा सांडला. रेडिओवर मात्र मी नेमानं हसत राहिलो. श्रुतिकेत कारण असो-नसो, भागात एकदा तरी हसायचोच, आणि ते बेल्ह्याच्या दिशेनं हसायचो. निर्माते वैतागले होते.

तिकडं मुलगी अडून बसली होती. दुसरं स्थळ बघायला आलं तेव्हा ती म्हणाली, आधी या स्थळाला नाही का म्हणालात ते सांगा, मग मी साडी नेसते. तिचं म्हणणं होतं, रोज संध्याकाळी ऐकतेय मी त्या माणसाला, तो वाईट नाही. वडील म्हणाले, "आवाजावरनं माणूस कळतो व्हय?" आणि उठून गोठ्याच्या पलीकडच्या अंगाला गेले. ते काय ऐकून आलेत ते तिला ठाऊक नव्हतं. ती धारा काढायला बसली की रेडिओ मोठा लावायची. ते तेवढा वेळ गोठ्यात यायचे नाहीत.

असे आठवडे गेले. मी दुसरी मुलगी बघायला नकार दिला, त्यावरून आईचं आणि माझं एकदा खरंखुरं भांडण झालं. त्यात मात्र तिला रडू आलं नाही; तिनं मला झोडून काढलं. "ती न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "तू काय जलमभर मलाच नटी करनार हायेस का?"

मग तो भाग टीव्हीवर लागला.

बेल्ह्याकडच्या घरात सगळी जेवायला बसली होती आणि टीव्ही चालू होता. पडद्यावर मी आलो म्हणून चुलतीनं तोंड वाकडं केलं. मी म्हणालो, "म्हातारे, पेटीची किल्ली टाक." मुलीच्या वडिलांचा हात ताटातच थांबला. पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचं आलं. समोर मुंबईची मोठी नटी होती, भरजरी दुःख करत होती. ते म्हणाले, "हे म्या आदी ऐकलंय." मुलगी म्हणाली, आजच लागलाय हा भाग, आधी कसा ऐकाल? ते म्हणाले, "त्याच्या घरात ऐकलंय. त्याच्या आईला म्हनत व्हता."

मुलीला समजायला क्षण पुरला. "अण्णा," ती म्हणाली, "तालीम करतात ती. आधी घरात म्हणून बघतात."

"आईसंगं?"

"समोर कुणीतरी लागत असेल ना."

मग त्यांनी दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं सगळं, तांब्यासकट, सांगितलं. मुलगी आधी हसली, मग चिडली, मग उठून आत गेली आणि तिथं थोडी रडली. हे तिनंच मला पुढं सांगितलं. वडिलांनी हात धुतला आणि जेवण अर्धंच ठेवलं. म्हणाले, उद्या जायचं, तू बी चल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात बैल नेण्याचा टेम्पो उभा राहिला. पुढच्या केबिनमध्ये मुलीचे वडील, तिची आई आणि मधे मुलगी. वाटेत नारायणगावात मामांना घेतलं होतं. ते पाठीमागं, बैलांच्या जागी, दोरीला धरून उभे होते. बैलांच्या टेम्पोतून सासर बघायला आलेली मुलगी आमच्या तालुक्यात दुसरी नसेल. सुदैवानं त्या दिवशी मी घरी होतो. आई चुना दिलेल्या भिंतीपुढं उभी राहिली आणि तिला काय करावं कळेना.

मुलीचे वडील आत बसलेच नाहीत. ओट्यावरच उभे राहून म्हणाले, "ताई, आदी माजं ऐका. मी मागं तुमच्या दारात येऊन माघारी गेलो. तुमचं पोरगं तुमाला घराभाईर काढतंय असं मी ऐकलं. खरं समजलो. चूक झाली माजी." आईला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा तिनं पदर तोंडात धरला आणि ती जशी हसली, तशी माझे वडील गेल्यापासून हसली नव्हती. "दादा," ती म्हणाली, "मारामारीचं व्हतं तवा न्हाई आलात ते बरं. त्यात तर ह्यो मला इळा दावतो."

चहा झाला. तरी त्यांचं काहीतरी राहिलेलं होतं. शेवटी ते म्हणाले, "काल टीव्हीत बघितलं ते. त्या बाईचं काय खरं न्हाई वाटलं. तुमचं ऐकून मला दोन राती झोप न्हवती. येकदा मला डोळ्यांनी बघू द्या. करा ना परत."

"पावण्यांपुढं?" आई म्हणाली. "मला लाज वाटती."

मग मुलगी पहिल्यांदा बोलली. "आत्या, करा ना," ती म्हणाली. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मामांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं बघितलं.

आम्ही उभे राहिलो. मी हजार माणसांपुढं काम केलेला नट. पण समोर ती मुलगी बसलेली, तिच्यादेखत 'म्हातारे, किल्ली टाक' म्हणायचं, ते चहा मागितल्यासारखं निघालं. आईनं लगेच झापलं, "नीट म्हन की. लोकं टेम्पो करून आल्यात." सगळे हसले आणि त्या हसण्यात माझी भीड गेली. मी आवाज उतरवला. आईनंही पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं, जे तालमीत रोज यायचं आणि मी इतक्या वर्षांत नीट बघितलंही नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष माझ्या पुढच्या वाक्याकडं असायचं. घराबाहेर काढतो, असं म्हणून मी हात उगारला. "काढ," ती म्हणाली. ते दाराचं वाक्य तिनं म्हटलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आणि मुलीचे वडील उठले. हे नाटक आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, तेच तर बघायला आले होते. तरी त्यांनी पुढं होऊन माझा उगारलेला हात मनगटाला धरला. धरल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं. पण त्यांनी सोडला नाही. कुणी हसलं नाही. प्रवेश तिथंच संपायला हवा होता. कागदात पुढं आई किल्ली देते आणि खाली बसते, एवढंच होतं. आई बसली नाही. तिनं कमरेची किल्ली काढली, खरी, आमच्या पेटीची, आणि माझ्याकडं न बघता त्यांच्याकडं बघून म्हणाली, "किल्ली घे म्हनावं ह्याला. रान बी घे. पन आता मी एकली ऱ्हायची न्हाई ह्या घरात. मला सून पायजे."

हे कुणी लिहिलेलं नव्हतं. ती अजून रडतच होती आणि आता ती तालीम राहिलेली नव्हती. समोरून वाक्य आलं की मला पुढचं आठवतं, असं मी अभिमानानं सांगायचो. त्या दिवशी आठवायला काही नव्हतंच.

मुलीचे वडील माझं मनगट धरून तसेच उभे होते. "दिली," ते म्हणाले.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. बस्ता शेठजींच्या दुकानात बांधला. माझी नाटकं, मालिका पुढंही चालत राहिल्या, कधी भरभरून, कधी कोरडं वर्ष. कार्टूनमधले गाढव-उंदीर बोललो, देवादिकांना आवाज दिला, बँकेच्या जाहिरातीत आजोबा झालो. तालमीला आता समोर दोघी असतात आणि दोघी मिळून माझ्या चुका काढतात. पुढं उसातले बिबटे वाड्या-वस्त्यांवर दिसायला लागले, तेव्हा वनखात्याच्या माणसांनी गावोगाव जीपवरून वाजवायला सावधगिरीची कॅसेट करून मागितली. मी ऐटीत मोठं भाषण लिहिलं. बायकोनं ते वाचून बाजूला ठेवलं आणि त्याऐवजी तिचा आणि आईचा संवाद बसवला: सून अंधारात गोठ्याकडं निघालीय आणि सासू तिला कंदील घेऊन जा, पोरांना आत घे, म्हणून ओरडतेय. ती कॅसेट दोन्ही तालुक्यांत वाजली. त्यात माझ्या वाट्याला शेवटची विनंती आली, तीही घाईत. बेल्ह्याच्या बाजारात सासरे ती जीप थांबवून पुन्हा लावायला सांगायचे, असं ऐकलंय.

अजूनही कुणी आमच्या लग्नाची हकीकत विचारली की मी ती सांगायला बसतो आणि बायको मधेच तोडते. "अण्णांनी मला यांना दिलंच नाही," ती म्हणते. "आत्यांना दिलं. हे नुसते मधे हात वर करून उभे होते." लोक हसतात, मीही हसतो. पण ती म्हणते ते खरं आहे. मनगट त्यांनी माझं धरलं होतं, आणि 'दिली' म्हणताना ते आईकडं बघत होते.